कान कुणाचा, सही कुणाची



निमंत्रणपत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘ज्येष्ठ विधिज्ञ’ असं छापलं आहे. ज्या सरांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत, त्यांनी ती पत्रिका वाचली असती तर म्हणाले असते, “ज्येष्ठ दिसतंय, विधिज्ञ सिद्ध करा.” सरांकडे मी सात वर्षं ज्युनियर होतो. पक्षकाराने कागद पुढे केला की सर मजकूर वाचायच्या आधी पान उलटून तळाची सही बघत. ही कुणाची? याला सही करायचा अधिकार काय? ते पटलं की मग चष्मा पुसून पहिल्या ओळीपासून वाचायला लागत. आजचं माझं पुष्प त्या सवयीतूनच निघालं आहे. मुलांच्या अंगावर निव्वळ दिसण्यासाठी जे टोचलं, कापलं, भाजलं किंवा भरलं जातं, त्याच्या संमतीपत्राच्या तळाशी सही कुणाची असते आणि ती कायद्याला किती चालते, एवढंच मला आज बोलायचं आहे.

सुरुवात घरापासून करतो. गेल्या वर्षी आमच्या नातीचे कान टोचले. बाराव्या दिवशी राहून गेलं होतं, म्हणून सहाव्या महिन्यात घाट घातला. सोनार घरी आले. त्यांनी दोन्ही पाळ्यांवर पेनाने ठिपके दिले, चार पावलं मागे जाऊन पाहिलं, डावा ठिपका पुसला आणि केसभर वर घेतला. पोर आईच्या मांडीवर, डोकं धरायचं काम माझ्याकडे. सोन्याची बारीक तार पाळीतून आरपार गेली, तेव्हा ती रडायच्या आधी एक क्षण नुसती माझ्याकडे बघत राहिली. मग जो सूर लागला तो खालच्या मजल्यापर्यंत. जिभेवर गूळ ठेवला, पाच मिनिटांत हसू आलं, आणि आम्ही सगळे चहाला मोकळे झालो.

वकिलाचं डोकं मात्र सणासुदीलाही सुट्टी घेत नाही. कायद्याच्या भाषेत तिला दुखापत झाली होती, कारण शारीरिक वेदना म्हणजेच दुखापत. तिची संमती नव्हती, आणि असती तरी बारा वर्षांखालच्या मुलाची संमती फौजदारी कायदा सहसा धरत नाही. मग सोनार आणि डोकं धरणारा मी, दोघं आरोपी का नाही? भारतीय न्याय संहितेचं कलम 33 आमच्या मदतीला येतं. जुन्या दंडसंहितेत त्याचा आकडा 95 होता. अपाय इतका क्षुल्लक असेल की सर्वसाधारण समजुतीचा माणूस त्याची तक्रार करणार नाही, तर तो गुन्हा नाही. दुसऱ्याचा पाय चुकून तुडवला, वहीतलं कोरं पान फाडलं, त्याच रांगेत कानाची पाळी.

आपल्याकडे म्हण आहे, सोनारानेच कान टोचावेत. कान कुणी टोचावेत हे म्हण सांगते, पण टोचायचे की नाही हे कुणी ठरवायचं याबद्दल ती गप्प आहे. आपला कायदाही बराचसा त्या म्हणीसारखाच वागतो. केस बसवायचे तर कुणी बसवावेत, इंजेक्शन कुणी द्यावं, पदवी कुठली हवी, याबद्दल तो बोलतो. 2022 साली राष्ट्रीय वैद्यक आयोगाने केशरोपणाबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या त्याही याच धाटणीच्या होत्या. अठरा वर्षांखालच्या मुलावर केवळ सौंदर्यासाठीची प्रक्रिया करावी की करू नये, याबद्दल भारतात वेगळा कायदा नाही. आईबापांनी सही केली की काम झालं, असा सर्वांचा समज आहे. दवाखान्यांचा, पालकांचा आणि खरं सांगायचं तर बऱ्याच वकिलांचाही.

हा समज तपासायचा तर 1860 सालच्या दंडसंहितेपर्यंत मागे जावं लागतं. 1 जुलै 2024 पासून तिचं नाव आणि आकडे बदलले, पण संमतीच्या कलमांचा गाभा तोच राहिला. जुनं 89, आताचं 27. बारा वर्षांखालच्या मुलाच्या हितासाठी, सद्भावपूर्वक, पालकाने किंवा पालकाच्या संमतीने केलेल्या कृत्यातून अपाय झाला तर तो गुन्हा नाही. खाली दाखला दिला आहे तो मूतखड्याचा. बाप आपल्या मुलाची मूतखड्याची शस्त्रक्रिया शल्यवैद्याकडून करवून घेतो. त्यात मूल दगावण्याचा संभव आहे हे त्याला ठाऊक आहे. तरी तो दोषी नाही, कारण मूल बरं व्हावं हाच त्याचा हेतू होता. त्या काळी ती शस्त्रक्रिया म्हणजे जिवावरचा खेळ होता, आणि न करावी तर वेदनेने तळमळणारं पोर डोळ्यांसमोर. पालकाच्या सहीला कायद्याने जे बळ दिलं ते असल्या प्रसंगासाठी दिलं.

या कलमाला शेपूट आहे, आणि शेपटीतच जीव आहे. पालकाच्या संमतीने जबर दुखापत करता येत नाही. अपवाद दोनच: मृत्यू किंवा जबर दुखापत टाळायची असेल, नाहीतर एखादा गंभीर रोग किंवा व्यंग बरं करायचं असेल. जबर दुखापतीच्या व्याख्येत पुरुषत्वहरण येतं, चेहरा कायमचा विद्रूप होणं येतं, एखाद्या अवयवाची शक्ती कायमची जाणं येतं. ‘सद्भावपूर्वक’ या शब्दालाही संहितेत स्वतःची व्याख्या आहे. योग्य काळजी आणि लक्ष न देता केलेली कोणतीही गोष्ट सद्भावपूर्वक केलेली मानत नाहीत. नुसतं ‘आमचा हेतू चांगला होता’ म्हणून भागत नाही.

आता बारा ते अठरा. इथे रस्त्यावरचे दिवेच गेलेले आहेत. संहितेचं कलम 25 सांगतं की स्वतःच्या हिताची नसलेली जोखीम संमतीने पत्करायची तर वय अठराच्या वर हवं. दाखला आहे करमणुकीसाठी पट्टा खेळणाऱ्या दोघांचा. कलम 26 हिताच्या कृत्याबद्दल आहे, त्यात वयच नाही. कलम 27 मधला पालक बाराव्या वर्षी थांबतो. मग चौदा वर्षांच्या मुलीचं नाक सरळ करायचं तर ते पट्ट्याच्या खेळात बसवायचं की मूतखड्यात? व्यवहारात कुणी हा प्रश्न विचारत नाही. सज्ञानतेचं वय अठरा, म्हणून आईची सही घेतात आणि पुढे जातात. 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात आईच्या सहीबद्दल सांगितलं ते या ठिकाणी आठवावं. रुग्ण 44 वर्षांची, टेबलावर भूल दिलेली, आणि बाहेर बसलेल्या आईची परवानगी घेऊन डॉक्टरांनी ठरल्यापेक्षा मोठी शस्त्रक्रिया केली. न्यायालय म्हणालं, ही संमती नव्हे. सज्ञान मुलीच्या शरीरावर आईच्या सहीचं वजन शून्य. एक दिवस आधीपर्यंत, म्हणजे अठरा पूर्ण व्हायच्या आदल्या रात्री, तेच वजन शंभर टक्के असेल का? मला तसं वाटत नाही. ते वजन हिताने बांधलेलं आहे.

हित म्हणजे काय, यावर घोळ होतो. दुरुस्ती कुठे संपते आणि शोभा कुठे सुरू होते? पुणेकरांना या वादात मानाचं पान आहे. टिपूच्या माणसांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या एका गाडीवानाला पुण्यात कपाळाच्या कातडीचं नवं नाक बसवलं गेलं, आणि त्याची हकीगत ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये चित्रासह छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू नावाच्या शल्यवैद्याने 1814 साली लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. नाक परत मिळणं ही कावसजीसाठी शोभा नव्हती, ते समाजात परत येणं होतं. दुभंगलेला ओठ शिवणं, भाजून चिकटलेली मान सोडवणं हेही तसंच. बोट्युलिनम हे औषधही एकच, पण सेरेब्रल पाल्सीत आखडलेल्या पोटरीत दिलं तर मूल पाऊल टाकू शकतं आणि सोळा वर्षांच्या कपाळात दिलं तर अजून न पडलेली सुरकुती पडत नाही. म्हणून कायदा करायचा तर औषधाच्या नावावर करून भागत नाही, हेतू विचारावा लागतो.

सुपासारखे कान असलेल्या मुलाचं काय? हे खरोखर अवघड. पाचसहा वर्षांत कानाची वाढ बहुतेक पुरी झालेली असते, त्यामुळे शस्त्रक्रिया त्यानंतर करता येते, आणि शाळेतली चिडवाचिडवीही तेव्हाच सुरू होते. माझा एक शल्यविशारद मित्र आईबापांना बाहेर बसवून मुलाशी एकटा बोलतो. “तुला कोण काय म्हणतं?” असं विचारतो. एक मुलगा त्याला म्हणाला, “मला कुणी काही म्हणत नाही, आजी आईला म्हणते.” मित्राने आईला सांगितलं, दोन वर्षांनी या. ते परत आले नाहीत. तोट्यात गेलास, असं मी त्याला म्हटलं तर म्हणाला, आजीचा खर्च वाचला.

परदेशी काय करतात ते थोडक्यात सांगतो, कारण तुलना केल्याशिवाय आपल्याला स्वतःचं काही दिसत नाही. इंग्लंडमध्ये अठराखालच्या मुलाच्या अंगावर गोंदणं 1969 पासून बंद आहे. पण चाळीस-पन्नास वर्षं उलटली तरी तशीच अठराखालची मुलगी रस्त्यापलीकडच्या पार्लरमध्ये जाऊन ओठ भरून घेऊ शकत होती. 2013 साली सर ब्रूस कीओ यांच्या समितीने बजावलं की या सुया घेणाऱ्या गिऱ्हाइकाला बॉलपेन विकत घेणाऱ्याइतकंच संरक्षण आहे. पुढे लॉरा ट्रॉट या खासदाराने खाजगी विधेयक आणलं, आणि 1 ऑक्टोबर 2021 पासून अठराखालच्या मुलाला सौंदर्यासाठी बोट्युलिनम किंवा फिलर टोचणं गुन्हा झाला. दंडाला वरची मर्यादा नाही. सरकारी अंदाज होता की 2020 या एका वर्षात इंग्लंडमध्ये अठराखालच्या मुलांवर अशा बोटॉक्स-छाप प्रक्रिया 41,000 पर्यंत झाल्या असाव्यात. या कायद्याची मला आवडलेली गोष्ट म्हणजे पालकांची परवानगी हा बचाव त्यात नाही. आई शेजारी उभी राहून ‘माझी हरकत नाही’ म्हणाली तरी टोचणारा अडकतो. न आवडलेली गोष्ट अशी की तो दोन पदार्थांपुरता आहे, डॉक्टरांना आणि त्यांच्या निर्देशाखालच्या नर्स, दंतवैद्य, औषधनिर्मात्यांना त्यात वाट आहे, आणि तो लागू फक्त इंग्लंडात. पलीकडे वेल्स बसच्या अंतरावर आहे.

इटलीने 2012 मध्ये अठराखालच्या मुलींना सौंदर्यासाठी स्तनरोपण बंद केलं, स्वीडनने 2021 मध्ये सुई आणि सुरी दोन्हीला अठराची अट घातली. मला मात्र मनापासून पटतो तो ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडचा 2008 चा कायदा. मुलाच्या सर्वोत्तम हितात आहे असं सबळ कारणांनी वाटल्याशिवाय सौंदर्यप्रक्रिया करणाराच नव्हे, करू का म्हणून विचारणाराही दोषी, आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैदेची. हित ठरवताना काय बघायचं हेही त्यात सांगितलं आहे. मुलाचं स्वतःचं म्हणणं काय, शरीर-मनाची स्थिती काय, आणि हे मूल मोठं होईपर्यंत थांबता येणार नाही का? शेवटचा प्रश्न साधा आहे. वकील लागत नाही, डॉक्टरही लागत नाही. पण तो कायद्यात लिहिला की फॉर्ममध्ये येतो, आणि फॉर्ममध्ये आला की निदान कुणाला तरी खोटं लिहावं लागतं. खोटं लिहिलेलं कोर्टात सापडतं, न विचारलेलं सापडत नाही.

आता आपल्या देशात येतो, आणि इथे मला जरा रेंगाळायचं आहे. या विषयावर बोलताना श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर मुंबईतली कुठली तरी श्रीमंत मुलगी येते. माझ्या डोळ्यांसमोर येतं ते प्रसूतिगृहातलं बाळ, ज्याचं लिंग बघताक्षणी मुलगा की मुलगी हे सांगता येत नाही. अशी बाळं जन्मतात, पूर्वीही जन्मत होती. लघवीचा मार्ग बंद असेल तर शस्त्रक्रिया हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण पुष्कळदा बाळाला काही होत नसतं, होत असतं ते नातेवाइकांना. बारशाला नाव काय ठेवायचं, आत्याने कुंची मुलाची आणायची की मुलीची, पुढे लग्न कसं जमणार. आणि म्हणून एकदोन वर्षांच्या आत सुरी चालते, दिसायला ‘नीट’ व्हावं म्हणून. सौंदर्यप्रक्रिया या शब्दाचा याहून भीषण अर्थ मला माहीत नाही. ती परत फिरवता येत नाही, संवेदना जाऊ शकते, आणि मोठं झाल्यावर ते मूल म्हणू शकतं की मी मुलगी नाहीच.

एप्रिल 2019 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठापुढे न्यायमूर्ती जी. आर. स्वामिनाथन यांच्याकडे प्रकरण होतं विवाहनोंदणीचं. वधू तृतीयपंथी स्त्री म्हणून निबंधकाने नोंद नाकारली होती. न्यायाधीशांनी लग्न तर वैध ठरवलंच, आणि त्याच निकालात तान्ह्या बाळांवरच्या अशा शस्त्रक्रिया थांबवण्याचा निर्देश राज्याला दिला. पालकांची संमती म्हणजे मुलाची संमती मानता येणार नाही, असं त्यांनी स्पष्ट केलं. माल्टाने 2015 मध्येच असा कायदा केला होता. मे महिन्यात तामिळनाडू सरकारचा आदेश निघाला: जीव धोक्यात असल्याशिवाय नाही. असा आदेश काढणारं ते देशातलं पहिलं राज्य. लग्नाच्या दाव्यातून बाळाचा न्याय निघाला याचं आम्हा वकिलांना फार नवल वाटत नाही. आमच्या धंद्यात पुष्कळदा मागच्या दारानेच न्याय येतो.

ऑगस्ट 2023 मध्ये केरळात तर पालकच दारात उभे होते. सात वर्षांचं मूल, गुणसूत्रं मुलीची, जन्मजात अधिवृक्क ग्रंथीचा विकार. पालक त्याला मुलगी म्हणून वाढवत होते आणि जननांगाची पुनर्रचना करून मागत होते. डॉक्टर कोर्टाच्या आदेशाशिवाय हात लावायला तयार नव्हते. त्यांच्या या भित्रेपणाचं मला कौतुक वाटतं. न्यायमूर्ती व्ही. जी. अरुण यांनी परवानगी नाकारली. मुलाच्या संमतीशिवाय असं करणं त्याच्या प्रतिष्ठेचा आणि खाजगीपणाचा भंग ठरेल, हा त्यामागचा विचार. तज्ज्ञांची समिती नेमायला सांगितली, जिवाला धोका आहे का एवढंच तिने बघायचं, आणि तीन महिन्यांत नियमन करायला सरकारला बजावलं.

त्या आईबापांना कुणी खलनायक ठरवू नये. मी जे पालक पाहिले ते सगळे भ्यालेले होते, दुष्ट एकही नव्हता. प्रेम असतं म्हणूनच घाई असते. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने 1992 साली ‘मॅरियन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात हेच धरून सांगितलं की उपचाराच्या गरजेशिवाय केलेल्या नसबंदीसारख्या गोष्टीला पालकांची परवानगी पुरत नाही, न्यायालयाकडे यावं लागेल. प्रेम करणारा माणूसही चुकीचा निर्णय घेऊ शकतो, आणि इथे चूक दुरुस्त होत नाही, एवढंच त्याचं कारण.

कानाची पाळी आणि बाळावरची सुरी यांच्या मधल्या पट्ट्यातही पुष्कळ काही घडतं. 2018 साली केंद्राने चौदा स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात जाऊन आज ‘गोरं करायची ट्यूब’ मागून बघा. नववीतल्या मुलीला पाहुणे बघायला येत नाहीत हे मला माहीत आहे, पण मावशी बघायला येते, आणि मावशीचं बघणं पाहुण्यांपेक्षा जास्त लागतं. दोन महिन्यांनी चेहऱ्याची कातडी पातळ, उन्हात गेलं की लाल, गालावर लव. इथे फॉर्म नाही, सही नाही, दवाखानाही नाही. कायदा कागदावर उभा आहे आणि ट्यूब त्याच्या बगलेतून निघून जाते.

एक प्रकरण सांगतो आणि थांबतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक बाई मुलीला घेऊन आल्या. मुलगी सोळाची, ओढणी हनुवटीवरून घट्ट गुंडाळलेली. चुलत बहिणीच्या लग्नाआधी ओठावरची लव काढायला लेझर केलं होतं, आणि वरच्या ओठापासून गालापर्यंत भाजल्याचे काळे पट्टे उठले होते. मी सरांच्या सवयीने कागद उलटा केला. सही आईची नव्हती, सोबत गेलेल्या आत्येबहिणीची होती. फॉर्म इंग्रजी, दोन पानी, बारीक टायपातला. नावाची चौकट भरलेली, फोन नंबर भरलेला, पैसे किती ते भरलेलं. वयाची चौकट कोरी. मी मुलीला विचारलं, वय विचारलं नाही का? ती म्हणाली, “विचारलं ना. मी सोळा म्हणाले. ते म्हणाले, राहू दे.”

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. मुलगी अज्ञान, म्हणून आई पालक. तारखा पडत गेल्या, पट्टे फिकट होत गेले, पूर्ण गेले नाहीत. दोन वर्षांनी समोरची बाजू तडजोडीला आली. रक्कम बरी होती. आई सही करायला पेन काढून बसली, आणि तेवढ्यात माझ्या ज्युनियरने सांगितलं, सर, हिला गेल्या महिन्यात अठरा पूर्ण झाली. आता आईची सही चालणार नाही.

मसुदा मुलीपुढे ठेवला. ती पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. ‘निःशर्त’ म्हणजे काय, विचारलं. मग म्हणाली, हे घरी नेऊ का? समोरचे वकील घड्याळ बघत होते. मी म्हटलं, न्या. तिसऱ्या दिवशी ती एकटीच आली, ओढणी खांद्यावर. सहाव्या कलमावर तिने निळ्या पेनाने आडवी रेघ मारली होती. याबद्दल कुठेही बोलणार नाही, अशी ती अट होती. बाकी सगळं तिला मान्य होतं. समोरच्यांनी आठवडाभर कुरकुर केली आणि मानलं.

या व्याख्यानाचं ठरलं तेव्हा मी तिला फोन केला. ती आता नोकरी करते. तुझी हकीगत सांगू का म्हणून विचारलं. तिने एक दिवस मागून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी निरोप आला: सांगा, पण गावाचं नाव नको.